पावण्यांसाठी ठेवलेलं पाणी

आमच्या गल्लीत काविळीची साथ आली तेव्हा माझी सून गरोदर होती. तीही आजारी पडून दवाखान्यात होती. त्या दिवसांत कॉलेजातली एक मुलगी पाण्याचे नमुने घ्यायला आली. तातडीच्या संशोधनासाठी तिच्या कॉलेजाला एका महिन्यापुरते पैसे मिळाले होते. प्रत्येक गल्लीतून एका घरचं पाणी घ्यायचं, आणि खराब निघेल तिथली पाइपलाइन नगरपालिकेनं आधी बदलायची, असं ठरलं होतं.

नळ सकाळीच येऊन गेला होता. "काकू, घरात पिता ते पाणी द्या," ती म्हणाली. घरी आलेल्या माणसाला तसलं गढूळ पाणी द्यायला माझा हात धजला नाही. पावण्यांसाठी विकतचा जार होता, त्यातलं दिलं. तिनं ते बाटलीत भरून नेलं.

पाणी चांगलं निघालं. आमची गल्ली यादीत आली नाही.

"बगा की, पाणी न्हाय, वडापाव बाधला तुमच्या सुनंला!" शेजारीण हसली.

कॉलेजातली मुलगी तपासणीचा कागद द्यायला आली तेव्हा मी तिला हळूच खरं सांगितलं. ती म्हणाली, "महिना संपला, काकू. आता परत तपासायला पैसे नाहीत."

मला रडू आलं नाही. सून बरी होऊन घरी आली. तिच्यासाठी मी पाणी उकळते. नळ आला की गल्लीतल्या बायका घागरी भरून नेतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.