मैदानाकडे पाठ करून पाहिलेली फायनल

टीव्हीवर टेनिस लागलं की मी खेळाडूंकडे पाहत नाही, प्रेक्षकांकडे पाहत बसतो. बायको हसते. मुदतीआधी निवृत्ती घेतली, तरी त्या दुपारची एक आरोळी अजून कानातून गेलेली नाही. ते प्रकरण सांगायचं तर थोडं स्वतःबद्दलही सांगावं लागेल.

बालाघाटला अखिल भारतीय खुल्या टेनिस स्पर्धेची फायनल होती. मी उपनिरीक्षक, बंदोबस्ताला. बंदोबस्ताचा पहिला नियम असा, की पोलिसाने खेळाकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करायचं. त्यामुळे जवळजवळ अख्खी मॅच मी लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिली. एका अंगाला मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवरून आलेली इंजिनिअर मंडळी, टोप्या-गॉगल घातलेली, बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवणारी. दुसऱ्या अंगाला खैरलांजीकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून आलेली गावं, ढोलकीसकट. कारण फायनलमधली एक मुलगी त्यांची होती, एका खाजगी बसच्या कंडक्टरची. समोर इंदूरची मुलगी.

पंच माइकवरून सारखे "शांति बनाए रखें" म्हणायचे. एक म्हातारी उठून म्हणाली, "शांत काहून राह्याचं? कोनी मेलं काय?" गॉगलवालेही हसले. चेंडू चालू असला की सगळ्या माना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. कोण जिंकतंय हे मला मागे न वळता कळत होतं.

वरच्या पायरीवर पिवळ्या टीशर्टातला एक तरुण होता. तो दोन्ही मुलींना टोमणे मारत होता. "अगे, जाळी तुहीच हाये, फाडू नको!" मी त्याला दोनदा दटावलं होतं.

शेवटचा सेट आला. हळूहळू सगळी गर्दी गप्प झाली, ढोलकीसुद्धा. इतक्या लोकांची शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मी वळलो. पोलीस म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून. इंदूरच्या मुलीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता, आणि तिचा चेंडू आमच्या मुलीच्या मागच्या रेषेवर उतरत होता. तेवढ्यात कुणीतरी जोरात ओरडलं, "औट!" आमच्या मुलीने उचललेली रॅकेट खाली सोडली. चेंडू रेषेवरच पडला होता. प्रेक्षकाच्या ओरडण्याने पॉइंट बदलत नाही. मॅच संपली.

मग खुर्च्या उडाल्या, बाटल्या उडाल्या. पंचांच्या कपाळाला खोक पडली. लोक एकच विचारत होते, ओरडला कोण?

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "पिवळ्या टीशर्टवाल्याले धरा." आमच्या ठाणेदारांनी मला विचारलं, "तुम्ही समोरच होता ना? तोच का?" मी म्हणालो, "तोच, साहेब. दिवसभर त्याच्यावर नजर होती." त्या एका क्षणी नजर कुठे होती, हे मी सांगितलं नाही.

तरुणाला आणलं. वनरक्षकाच्या भरतीत त्याचं नाव लागलं होतं, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. चिथावणीचा गुन्हा नोंदला की नोकरी गेली. तो गयावया करत होता आणि तरी तोंड आवरत नव्हतं.

"साहेब, म्या दिवसभर बोंबललो, हौ. पन त्या टायमाले माह्या तोंडात समोसा होता."

"साक्षीदार कोण?"

"समोसाच होता साहेब. त्याले तं खाऊन टाकलं."

हवालदाराला हसू आवरेना. मी मात्र त्याला दरडावलं. आतून मला ठाऊक होतं की याच्यापेक्षा मी जास्त खोटं बोललोय.

मुलीचा जबाब घ्यायला तिला बोलावलं होतं. बाप सोबत आला. बसच्या दारात उभं राहून गावांची नावं पुकारणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज निघत नव्हता. कोपऱ्यात बसलेल्या तरुणाकडे बोट करून मी मुलीला विचारलं, "याचं ऐकून थांबलीस?"

"मले खेळताना पब्लिकचं काहीच ऐकू येत नाही, सर."

"मग थांबलीस काहून?"

बाप तिची बॅग उचलत म्हणाला, "चाल बाई, शेवटची बस सुटन."

मी विचार करत होतो. दिवसभर एवढा गलका झाला, त्यात हिचं एकदाही लक्ष विचलित झालं नाही. मग एकाच आवाजाला हिचा हात कसा थांबला? मी विचारलं, "गावात सराव कुठं करते?"

"शाळेमागं. मुरमाचं मैदान हाये. चुन्याची रेघ खेळता खेळता पुसून जाते. मंग बाबा मागं उभे राह्यतात, अन्..."

मी बापाकडे वळलो. "दादा, तुम्ही कुठं बसले होते?"

"बसलो नव्हतो, साहेब. बसवतच नव्हतं." त्याने बॅग खाली ठेवली. "पोरीच्या मागच्या हिरव्या पडद्याआड उभा होतो, फटीतून पाह्यत. मले वाटलं, बॉल भाईर चालला. रोजच्यासारखं तोंडातून निघून गेलं. पोरीचा कप म्याच घालवला. या पोराले सोडा."

"बाबा, म्या नसतं सांगितलं," मुलगी म्हणाली.

"मले मालूम हाये. म्हनूनच तं सांगतलं."

तरुण उठून उभा राहिला. टोमणा मारेल असं वाटलं, पण त्याने आपल्या खुर्चीवर कंडक्टरला बसवलं. तेव्हा मलाही राहवलं नाही. ठाणेदारांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या क्षणी मी खेळ पाहत होतो, याला ओरडताना मी पाहिलंच नव्हतं. साहेब खूप बोलले. बोलायलाच हवं होतं. तरुणाला सोडलं. तोडफोड करणाऱ्यांवर वेगळा गुन्हा नोंदला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरने बस निघण्याआधी प्रवाशांना स्वतःच सांगितलं म्हणे. मग मॅचमधलीच ती म्हातारी म्हणाली, "आता तिकीट फाड. उशीर होते."

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की ज्याने घात केला तो शत्रूच असेल असं धरून चालायचं नाही. आणि जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणून सांगायचं नाही. दुसरी गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवली होती.

पुढच्या वर्षी तीच मुलगी पुन्हा फायनलला आली. मी पुन्हा बंदोबस्ताला. पहिल्या रांगेत कंडक्टर, आणि शेजारी वनरक्षकाच्या खाकीतला तो तरुण, हातात कागदाचा पुडा. शेवटचा सेट सुरू झाला तसा त्याने एक अख्खा समोसा काढून कंडक्टरच्या तोंडात कोंबला.

"काका, गिळू नका हं. मॅच संपेपर्यंत तसाच राहू द्या."

मागे चेंडूचा टप्पा ऐकू येत होता. गर्दी गप्प झाली. कंडक्टरचे गाल फुगलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्याने दोन्ही हात वर केले. मी वळून पाहिलं नाही.