बुटातलं घड्याळ

कुणाच्याही उंबऱ्याशी आले, मग ते देऊळ असो, दर्गा असो की उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, की सर आधी बूट काढायचे. मग मनगटावरचं घड्याळ सोडून डाव्या बुटात ठेवायचे आणि त्यावर मोजा कोंबायचे. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण सरांना त्याचं काही नसायचं.

"सर, एक दिवस चोरीला जाईल हे," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"बुटात कोण बघतंय, मास्तर? आत नेलं तर मीच सारखा त्याच्याकडं बघेन. घड्याळ आणि आपलं मत, दोन्ही बाहेर काढून ठेवायचं. जाताना परत घालायचं. कोणी नेत नाही."

मास्तर म्हणजे मी. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला भवानीनगरला शाळेत विज्ञान शिकवायचो. डोकं गरम, तोंड त्याहून गरम. सर बारामतीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. वर्गात पोरं सात, त्यातली पाच दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेली. उरलेल्या वेळात सर धर्माचा अभ्यास करायचे. पोथ्यांचा नाही, माणसांचा. त्यांचं म्हणणं असं, की देव आहे का नाही, हे खरं की खोटं, हे ठरवायला जगात माणसं उदंड आहेत. पण जो हात जोडतो त्याला समोर काय दिसतं, हे आधी नीट ऐकून जसंच्या तसं लिहायला कोणी नाही. परदेशी विद्यापीठांत या अभ्यासाला भलंमोठं नाव आहे म्हणे. त्यांनी मला ते दोनदा सांगितलं, मी दोन्ही वेळा विसरलो. "बरं झालं," ते म्हणाले.

आमची गाठ पडली ती माझ्याच भाषणात. मी तेव्हा गावोगाव जाऊन बुवाबाजीविरुद्ध प्रयोग करून दाखवायचो. जिभेवर कापूर पेटवायचो, लोक टाळ्या वाजवायचे. सगळे पांगल्यावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ वही घेऊन जवळ आले.

"चटका बसत नाही?"

"नाही. युक्ती आहे त्यात."

"ते कळलं. पण कापूर जळत होता तेव्हा तुम्हाला कसं वाटत होतं?"

असलं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी खरं ते बोलून गेलो. "भारी वाटत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते."

"बरं, मग काय झालं?" म्हणत त्यांनी ते लिहूनही घेतलं. च्यायला, मी लोकांच्या अंधश्रद्धा काढायला आलेलो आणि हे माझीच नोंद करून निघाले! पण त्या दिवसापासून माझ्या एम-एटीची मागची सीट त्यांची झाली. रविवार आला की मांडीवर वही घेऊन सर मागं बसलेले असायचे.

"बरं, मग काय झालं?" हा त्यांचा एकच प्रश्न. 'का' कधी विचारायचे नाहीत. का विचारलं की माणूस वकिली करायला लागतो, असं त्यांचं मत. हे एकच मत ते बुटात ठेवत नसत.

इंदापूरच्या बाजूला एका थडग्याला काही लोक पीर म्हणायचे, काही नाथ. मी तिथल्या म्हाताऱ्या मुजावरचाचांना जरा डिवचूनच विचारलं, "चाचा, एकदा काय ते सांगून टाका. पीर का नाथ?"

चाचा झाडत होते, झाडतच राहिले. "सकाळच्याला ज्यांचा नाथ ती येत्यात. सांजंला ज्यांचा पीर ती. झाडायचं मातर दोन्ही वक्ताला मलाच."

सर इतके खूश झाले, की चाचांच्या हातचा तिसरा चहा प्याले.

सोमेश्वरनगरला ऊसतोडीची टोळी नुकतीच उतरली होती. एक बाई कोपी उभारायच्या आधी पत्र्याच्या पेटीतून शेंदूर फासलेला दगड काढून त्याच्यावर पाणी घालत होती. लांबून आणलेला पाण्याचा एकच हंडा.

"काय करताय, बाई?" सरांनी विचारलं.

"आंगूळ घालतीया. दोन दिस ट्रकात धुळीनं माखली की."

"बरं, मग?"

"मग तिला इचारायचं, हितं ऱ्हायाचं का म्हणून."

"आणि नाही म्हणाली तर?"

"न्हाय कशी म्हणंल? तिला तरी दुसरीकडं कुठं जागा हाय?"

मी हसलो. सरांनी वहीत लिहिलं, 'देवीला आंघोळ घातली. मग विचारलं.' मी म्हटलं, "सर, दगडाला म्हणा."

"दगड तुम्ही बघितला, मास्तर. एकच हंडा असताना तिनं दगडावर पाणी ओतलं असतं का?"

मी गाडी जोरात हाणली.

एकदा मी सरळ विचारलं, "सर, तुमचा स्वतःचा देवावर विश्वास आहे का हो?" ते शांतपणे म्हणाले, "ते बुटापाशी आहे." असा माणूस! भांडायला सुद्धा हाती लागायचा नाही.

आता माझ्या आईचं सांगायला हवं. आमचं गाव अंथुर्णे. एके काळी घरात मेंढरं होती, माझ्या वडिलांनी ती विकून शेती धरली. पण माळावरचा बिरोबा सुटला नाही. दर जत्रेला ढोल वाजला की आईच्या अंगात वारं यायचं, म्हणजे देव यायचा. बाया पाया पडायच्या, आपल्या अडचणी पुसायच्या. माझी नवीन नोकरी, नवीन भाषणं. लोकांना शहाणपण शिकवतो आणि घरात हे. एका जत्रेत ती घुमायला लागली तसा मी सगळ्यांदेखत पुढं झालो, तिचा दंड धरला आणि म्हणालो, "आई, ऊठ. नाटक पुरे."

ती उठली. त्यानंतर कधीच जत्रेला गेली नाही. मी ही गोष्ट भाषणात सांगायचो. आपल्या घरापासून सुरुवात केली म्हणून लोक माझी पाठ थोपटायचे.

सरांनाही मी ती फुशारकीनं सांगितली. एका टपरीवर चहा पीत होतो. त्यांनी काय करावं? बूट न काढता, तिथंच बाकावर बसल्या बसल्या, घड्याळ सोडून खिशात टाकलं.

"बरं, मग काय झालं?"

"मग काय? बंद झालं."

"ते तुमच्याकडं. त्यांच्याकडं काय झालं?"

मला राग आला. दोन महिने मी त्यांना गाडीवर घेतलं नाही. पण प्रश्न काही गाडीवरून उतरेना. शेवटी एका रविवारी मीच त्यांना अंथुर्ण्याला घेऊन गेलो.

सरांनी ओसरीवर बूट काढले, घड्याळ आत ठेवलं. आईनं घोंगडं अंथरलं. मी दाराआड उभा राहिलो, विज्ञानाच्या मास्तराला न शोभेल असा.

"आधी पाय गार पडत्यात," आई सांगत होती. एवढं सविस्तर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, कारण मी कधी विचारलं नव्हतं. "मग ढोल हितं, पोटात वाजाय लागतो. मग मी बाजूला सरती. घरात पाव्हणा आला की आपण जागा देतो न्हवं, तशी."

"बरं, मग?"

"मग म्या न्हायच तितं. लोक पाया पडत्यात ती मला न्हाय, त्याला."

"आणि मास्तरांनी हाताला धरून उठवलं, त्या दिवशी?"

आईनं घोंगड्याचा कोपरा सरळ केला. "त्यो अर्ध्या वाटंत हुता वो. पाव्हणा उंबऱ्यात आन माज्या पोरानं तोंडावर दार लावलं. लोकांची लाज न्हाय वाटली मला. त्याची वाटली. आता पुन्यांदा कंच्या तोंडानं बोलवू त्याला?"

सात वर्षं मला वाटत होतं, आईला पटलं. पटलं कुठलं, ती देवापुढं तोंड लपवून बसली होती, आणि तेही माझ्यापायी. परतीच्या वाटेवर मी सरांच्या भाषणाची वाट बघत होतो. ते एवढंच म्हणाले, "स्टँडवर चहा घेऊ."

त्याच वर्षी उन्हाळ्यात सर गेले. हृदयाचं दुखणं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला बोलावून घड्याळ हातात दिलं. "तुमच्याच गाडीवर जास्त फिरलंय," त्या म्हणाल्या. मी ते वापरायला लागलो.

पुढची जत्रा आली तेव्हा मी आईला म्हटलं, "चल." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लुगडं बदलून आली.

देवळाशी मी बूट काढले, घड्याळ डाव्या बुटात ठेवलं, वर मोजा कोंबला. आई ढोलापासून लांब, बायांच्या मागं बसली. पुजाऱ्यानं भंडारा लावून तिला पुढं बसवलं. ढोल चढला. दुसऱ्या दोघींना वारं आलं. आई डोळे मिटून बसून होती आणि मी तिच्या पायांकडं बघत होतो. जिभेवर कापूर पेटवणारा मी, मनातल्या मनात म्हणत होतो, ये की रं बाबा. चूक माझी हाय, तिची न्हाय. ये की.

तो आला नाही. ढोल उतरला. आईनं डोळे उघडले, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "चल."

बाहेर येऊन बघतो तर बूट नाहीत. घड्याळासकट गेलेले. सरांचे बूट इतकी वर्षं कोणी नेले नाहीत, कारण ते नेण्यासारखे नव्हतेच. माझे कोरे होते. मी पायरीवर बसलो आणि मला रडू फुटलं. आई म्हणाली, "आरं, बुटासाठी कुणी रडतं व्हय?"

गाडीवर सरांच्या जागी आई बसली. आत्ता जे झालं त्याचं शास्त्रीय कारण माझ्याकडं तयार होतं: वय, मोडलेली सवय, मनावरचं दडपण. कालव्याच्या पुलापर्यंत ते तोंडावर येत राहिलं. मग मी विचारलं, "बरं, मग काय झालं, आई?"

"डावा पाय गार पडला हुता," ती म्हणाली. "उजवा न्हाय पडला." आणि जरा वेळानं, "पुढल्या वर्साला आणशील न्हवं?"

"आणीन."

घरी आल्यावर माझ्या पोराच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं. वेळ टाकावी म्हणून मनगटाकडं बघितलं, तर तिथं नुसता पट्ट्याचा पांढरा वळ. मग वेळ न टाकताच लिहिलं: डावा पाय गार पडला. उजवा नाही.