आखणीची मजुरी

पेणमध्ये गणपतीच्या एका कारखान्यात माझी आई आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळा रंग चढला, दागिने झाले, तरी गिऱ्हाईक पैसे मोजतं ते डोळे बघून. कारखान्यात वीसेक माणसं, पण आखणीचा हात दोघांचाच, शेठचा आणि आईचा. त्यात शेठना चाळिशी लागून जमाना झाला होता, म्हणजे खरं तर एकटीचाच.

आणि या बाईचं नाव कारखान्याच्या वहीत नव्हतं. वहीत वडलांचं नाव होतं. ते भाताच्या गिरणीत कामाला होते आणि त्यांनी जन्मात कुंचला हातात धरला नव्हता. रीतच तशी. बायकांचा हिशोब गणपतीनंतर व्हायचा. त्या दिवशी शेठ घरच्या पुरुषाला बोलवायचे, चहा पाजायचे आणि पाकीट, वर एक नारळ, त्याच्या हातात ठेवायचे. बायका तेव्हा मागच्या बाजूला रंगाचे डबे घासत असायच्या. नारळ तेवढा आईपर्यंत पोचायचा, खवायला.

वडील वाईट नव्हते. पीत नव्हते, हात उगारत नव्हते. हीच तर पंचाईत. चांगल्या माणसाची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

बारावीनंतर मला अलिबागला नर्सिंगला जायचं होतं. फीपुरते पैसे घरात नव्हते, म्हणून एक हंगाम मी आईशेजारी बसून पितांबर रंगवले. गणपती झाले, पाकीट आलं. आईची आणि माझी मजुरी त्यात एकत्रच. पंधरा दिवसांत दारात एक जुनी मोटारसायकल उभी राहिली. भावाला डोलवीच्या स्टील कारखान्यात कंत्राटी काम लागलं होतं, शिफ्टला जायला गाडी हवी होती. मी विचारलं, माझ्या फीचं काय? वडील शांतपणे म्हणाले, "पैसे घरातच हायत ना? बाहेर कुठं गेले?" गाडीची पूजा झाली. हळदकुंकू मीच लावलं. त्याची चीड मला आजही येते.

वर्ष फुकट गेलं. पुढच्या हंगामातही मी पितांबर रंगवायला बसले. आषाढात पुन्हा प्रवेश मिळाला, फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. मी मंगळवारी शेठपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आतापर्यंतच्या कामाचे माझे पैसे द्या.

"वडलांना पाठव," शेठ म्हणाले. "पोरीबाळींच्या हातात पैसे दिले तर उद्या कुणाकुणाला उत्तरं देऊ मी?"

दारात मुंबईचा टेम्पो लागला होता. अकरा मूर्तींची आखणी बाकी होती. आई त्यातल्या एकीसमोर बसली होती, त्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, एक व्हायचा होता. आईनं कुंचला पाण्यात धुतला, फडक्याला पुसला आणि बाजूला ठेवून दिला.

"तिचे तिच्या हातात द्या शेठ. मग दुसरा डोळा काढते."

शेठ हसले. मग चिडले. मग देवाला असं अर्धवट ठेवलंस तर पाप लागेल म्हणाले. आई म्हणाली, "लागू दे." टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. तासाभरानं शेठनी नोटा मोजून माझ्या हातात दिल्या. नारळ दिला नाही. आईनं कुंचला उचलला.

घरी जाताना मी तिला म्हटलं, आता तुझेही माग.

"माझे कशाला गो? ते बाबा आणतात की."

त्या वर्षीही तिचं पाकीट वडलांनीच आणलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण हात आवरला की अख्खा कारखाना थांबतो, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि स्वतःसाठी तिनं ते एकदाही वापरलं नाही. लोक याला आईची माया म्हणतात. मी म्हणत नाही. तिला लहानपणापासून असं घडवणाऱ्या सगळ्यांचा मला राग आहे, आणि खोटं कशाला बोलू, तिचाही आहे.

कोर्स संपवून मी रोह्यात एका दवाखान्यात लागले. पहिला पगार झाल्यावर आईला बोलावून घेतलं आणि तिच्या एकटीच्या नावावर खातं काढायला पोस्टात नेलं. पुढच्या हंगामाची मजुरी तिनं स्वतः घ्यावी आणि त्यात टाकावी, एवढाच माझा बेत होता. खिडकीतले गृहस्थ भले होते. आमचा फॉर्म तेच भरायला बसले. नाव, गाव, वय विचारून झाल्यावर म्हणाले, "काम काय करता, आई?"

"काय नाय," आई म्हणाली. "घरीच असते."

ती लाजून बोलत नव्हती, लपवतही नव्हती. बावीस हंगाम डोळे काढून तिला खरंच तसं वाटत होतं. गृहस्थ लिहायला लागले तसा मी फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, त्या जागी 'गणपतीची आखणी' असं लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. सही कर, म्हटलं.

तिनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबांना एकदा विचारलं असतंस तर बरं झालं असतं गो."

मी जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं, आणि तिची सही पुरी होईपर्यंत काढलं नाही.