सहा आकड्यांवरच्या रेघा

माझ्या मोठ्या आतड्यात व्रण आहेत. या आजाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. अंबडच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीला आहे. घरापासून तिथपर्यंत स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत, त्याची यादी पर्समध्ये असते. त्यामुळे नव्या औषधाच्या चाचणीत मला घेतलं आणि रोज भरायची वही दिली, तेव्हा ते काम वाटलंच नाही. शौचाला किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का, गोळी किती वाजता घेतली. गोळीत खरं औषध आहे की नुसती पूड, हे मला माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही.

पहिला महिना आकडे उतरले. मग चढू लागले. त्रास वाढला तर चाचणीतून काढतात, हे सही करताना मी वाचलं होतं. मला राहायचं होतं. सहा दिवस मी सातच्या जागी चार लिहिले.

दवाखान्यातल्या तपासणीच्या आदल्या दिवशी नवऱ्याने वही पाहिली.

"चार? बाईसाहेब, आज दुपारपर्यंतच पाच वेळा संडासाची कडी वाजली."

"तुम्हाला दुसरं काम नाही का?"

"रविवार आहे. नाही." मग म्हणाला, "कंपनीत कुणी खोटं माप लिहिलं तर काय करतेस?"

मी पेन घेतलं. खरे आकडे माझ्या स्वतःच्या डायरीत होतेच. तिथे खोटं लिहायचं सुचलंच नव्हतं. चाचणीचा नियम होता, वहीत चुकलं तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यावा अशी, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. असं सहा वेळा.

"कमी का लिहिले होते?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं.

"काढून टाकाल म्हणून."

"काढावं तर लागेलच, ताई. पण आज गोळी बदलून भागेल. हे महिन्याने कळलं असतं तर ॲडमिट करावं लागलं असतं."

"मग माझी वही वाया?"

"वाया कशी? तुमचे आकडे चाचणीच्या निकालात धरणार. खोटे आले असते तर आम्ही चुकीचं शिकलो असतो."

सिस्टरने प्रत्येक रेघेवर बोट ठेवून वही तपासली आणि खाली सही केली.

बाहेर नवरा उभा होता. "काय झालं?"

"मला काढलं."

"मग हसतेस काय?"

"वही पास झाली," मी म्हटलं आणि नव्या गोळ्यांच्या वेळा लिहायला कागद मागितला.