हात वर करणारा ओजस

प्रिय सई आणि निहार,

तुमच्या बाबाने परवा फोनवर हसत हसत सांगितलं, की ताकाची ती जाहिरात कॅल्गरीपर्यंत पोचली आणि तुम्ही दोघांनी ती पुन्हा पुन्हा बघितली. निहारने म्हणे विचारलं, की मी पाठवलेल्या वाढदिवसाच्या पत्रातले स्वल्पविराम सुधारून ज्या आजीने ते पत्र मला परत पाठवलं, ती आजी ‘माय ओजस, ही ड्रिंकिंग डेली’ असं कसं बोलते? सईचा प्रश्न त्याहून अवघड. हा ताडमाड मुलगा कोण, आणि तो आमच्या आजीला आजी का म्हणतो?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर लगेच देते. तो आवाज माझा नाही. दुसऱ्याला वेळ लागेल. हे मराठीत लिहिते आहे, कारण त्या जाहिरातीनंतर माझ्या इंग्रजीवर तुमचा विश्वास उरला नसणार. आईबाबांकडून वाचून घ्या. आणि आत्ताच लिहिते आहे, कारण ओजसचं कुटुंब इथून गेलं. समोरच्या व्हिलात नवी माणसं आली आहेत. त्यांना ओजस आहेर कोण हे माहीत नाही, आणि मी सांगायला गेले की ती नम्रपणे घड्याळाकडे बघतात. तुम्ही कागदावर आहात, उठून जाऊ शकत नाही.

इथे दोह्यात, अल गराफातल्या आमच्या कंपाउंडमध्ये मेधाआत्याच्या, म्हणजे आमच्याच घरासमोर आहेर राहायचे. मूळचे नाशिककडचे. वडील शशिकांत गॅसच्या प्रकल्पात देखभालीचं काम बघायचे, आई सुनीता. ओजस सहा वर्षांचा असताना इंग्रजी स्पेलिंगसाठी माझ्याकडे यायला लागला तेव्हा माझ्या कमरेला लागायचा. मग एकदम मला मान वर करून त्याच्या चुका काढाव्या लागू लागल्या. आमच्या दाराला त्याचं डोकं कधीच लागलं नाही, पण तो वाकूनच आत यायचा. ‘सवय राहू दे आजी, सगळीच दारं तुमच्यासारखी मोठ्या मनाची नसतात,’ म्हणायचा. हे मी पुष्कळ दिवस माझं कौतुक समजत होते.

त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा उजवा हात. गाड्यांच्या शेडशेजारच्या भिंतीवर शशिकांतने बास्केटबॉलची रिंग ठोकून दिली होती. संध्याकाळी तिथे कंपाउंडची सगळी मुलं जमायची. केरळची, इजिप्तची, फिलिपिन्सची. पंच कोणी नव्हता. ज्याचा धक्का लागला त्याने आपणच कबूल करायचं, असा खेळ. बाकीची मुलं आधी हुज्जत घालायची; ओजसचा हात मात्र समोरचा पडायच्या आत वर गेलेला असायचा. ‘माझा फाउल,’ असं मराठीत म्हणून तो चेंडू देऊन टाकायचा.

हे खेळापुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. एकदा उन्हाळ्यात आमच्या जिन्यातल्या कुंडीला चमत्कारिक वास यायला लागला. मी माती बदलली, झाड बदललं, माळ्याला दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी ओजस वाकून आत आला आणि हात वर करून उभा राहिला. ‘माझा फाउल, आजी. तुम्ही रोज देता ते ताक मी कुंडीत ओततो. मला ताक नाही आवडत.’ शाळेत उपमुख्याध्यापिका म्हणून माझी सगळी कीर्ती मुलांकडून गुन्हा कबूल करून घेण्यावर उभी होती. भुवई किती वर न्यायची आणि किती वेळ गप्प बसायचं, हे मला बरोबर माहीत होतं. या मुलाने ती सगळी विद्या वाया घालवली. भुवई वर जायच्या आत याचा हात वर.

पुढे खेळावर शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेत गेला, एका थंड गावातल्या कॉलेजात. दुसऱ्या वर्षापर्यंत तो तिथला तारा झाला. भोजनगृहाच्या भिंतीवर त्याचा भलामोठा फोटो लागला. हात मात्र तिथेही वर जायचा आणि प्रशिक्षक डोक्याला हात लावून बसायचे. शिट्टी वाजवायला आपण पंचांना पगार देतो, ते त्याला सांगत. ‘मी हात खिशात घालून ठेवला असता आजी, पण आमच्या चड्डीला खिसेच नसतात,’ असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं. त्याच्या संघातल्या मुलांना जाहिरातींचे पैसे मिळत. याला विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथे तशी कमाई करता येत नव्हती. ‘माझ्या रूममेटला पिझ्झावाले पैसे देतात. आणि तोच पिझ्झा मी विकत घेऊन खातो.’

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत तो घरी आला तो एक मोठा बेत घेऊन. इथल्या एका क्लबला तो व्यावसायिक खेळाडू म्हणून हवा होता. त्या क्लबला पैसे पुरवणाऱ्या दुग्धपेयांच्या कंपनीला तो जाहिरातीसाठी हवा होता, तोही लबानच्या, म्हणजे आपल्या ताकाच्याच भावाच्या. दोन्ही करार एकाच पाकिटात, दोन वर्षांचे. सही केली की कॉलेज अर्धवट सुटणार, पदवी राहणार.

आणि त्याच सुमारास शशिकांतची जागा कंपनीने बंद केली होती. जूनपर्यंत घर रिकामं करायचं होतं. इथे जन्म काढला तरी नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो, हे तुम्हाला तिकडे कळायचं नाही. ओजसचं म्हणणं सरळ होतं. मी सही केली की मला इथे घर मिळेल, आईबाबांना मी ठेवून घेईन, कोणाला कुठे जायला नको. शशिकांतचं म्हणणंही सरळ होतं. पदवी घे.

दोघंही एकमेकांना न सांगता माझ्याकडे आले. शशिकांत म्हणाला, मॅडम, तुमचं तो ऐकतो. ओजस म्हणाला, आजी, बाबा तुमचं ऐकतात. माझं कोणी ऐकतं ही बातमी मला तब्बल दोन माणसांनी एकाच दिवशी दिल्यामुळे मी इतकी हुरळून गेले, की दोघांनाही ‘बघते मी’ म्हणून बसले.

त्यातच जाहिरातीचं चित्रीकरण आलं. एवढ्या एका दिवसाचे पैसे वेगळे होते, मोठ्या करारावर सही नंतर व्हायची होती. गोष्ट अशी, की आजीच्या हातचं ताक पिऊन मुलगा उंच झाला. त्याची खरी आजी नाशिकला, गुडघ्यांनी जखडलेली. तेव्हा ओजसने मला विचारलं. मी आधी नाही म्हटलं, मग मेधाआत्याच्या तीन साड्या नेसून बघितल्या.

दोह्याशेजारच्या लुसैलमधल्या एका उंच इमारतीत स्टुडिओ होता. दिग्दर्शक करीम, लेबनॉनचा, लाघवी पोरगा. त्याने मला बघितलं आणि मेकअपच्या मुलीला काहीतरी सांगितलं. तिने माझ्या केसांना पांढरी पावडर लावली. जे लपवायला मी दर महिन्याला पार्लरमध्ये बसते, ते या लोकांनी डब्यातून आणून माझ्या डोक्यावर ओतलं. मग माझं वाक्य आलं. ‘माय ओजस, ही ड्रिंकिंग डेली.’ मी करीमला सांगितलं, की ‘ही ड्रिंक्स इट डेली’ असं हवं. तो म्हणाला, आंटी, आजी असं बोलत नाही. मी म्हटलं, मी आजी आहे आणि मी असंच बोलते. त्याने हात जोडले. ‘यल्ला, चला, आंटी, बोला तुम्हाला हवं तसं.’ मी दर वेळी व्याकरणशुद्ध बोलले आणि प्रत्येक वेळी मनात स्वतःची पाठ थोपटली. ध्वनिमुद्रण नंतर दुसऱ्या बाईच्या आवाजात करता येतं, हे मला कोणी सांगितलं नाही.

ओजसने लबानचा पेला एका दमात संपवला. मी कुंडी शोधत होते, पण जवळपास नव्हती.

मग कंपनीची व्यवस्थापक बाई आली. तिला आता एक छोटी मुलाखत हवी होती, ओजसच्या स्वतःच्या नावाने. पुढची दोन वर्षं अशा मुलाखती द्यायच्या, हा कराराचाच भाग होता. कॅमेरा सुरू झाला आणि तिने विचारलं, तू हे कधीपासून पितोस?

ओजसचा हात वर गेला.

तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला, की आज पहिल्यांदा प्यायलो, आणि या माझ्या शेजारच्या आजी आहेत. बाई हसली. मग हसायची थांबली. तिने गोड आवाजात समजावलं, की सगळेच असं बोलतात. ओजस म्हणाला, मघाशी गोष्ट होती, त्यात मी कोणीही होईन. पण आता तुम्ही मला माझं नाव घेऊन विचारताय. तिने त्याला गुरुवारपर्यंत विचार करायला सांगितलं. लहानपणापासून पितो असं म्हणायचं असेल तर दोन्ही करार आहेत, नसेल तर एकही नाही.

परतताना गाडी तो चालवत होता. मला त्याला काहीतरी मोलाचं सांगायचं होतं. सत्य, व्यवहार, तारुण्य असे तीन मुद्दे मनात जुळवून मी सुरुवात केली, तोवर घर आलं होतं आणि केसांतली पावडर त्याच्या सीटवर सांडली होती.

बुधवारी संध्याकाळी मी आहेरांना आमच्याकडे बोलावलं. रीतसर बैठक. प्रत्येकाने आळीपाळीने बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही, वेळ मोजायला माझं स्वयंपाकघरातलं टायमर. पहिली पाळी शशिकांतची. तो म्हणाला, मुशैरिब भागातल्या सगळ्या कचेऱ्या मी या महिन्यात पालथ्या घातल्या, कुठेतरी लागेल मला नोकरी, घर कुठे जात नाही, तू पदवी घे. ओजसला हे माहीत नव्हतं. या वयाचा आपला बाप फाइल घेऊन पोरांच्या रांगेत बसतो आहे, हे ऐकून तो मोठा मुलगा सोफ्यावर अगदी लहान झाला.

त्याने हात वर केला, पण नेहमीसारखा झटकन नाही. ‘माझा फाउल, बाबा. मी सगळ्यांना सांगतोय की तुमच्यासाठी सही करतोय. तसं नाहीये. मलाच माझी खोली सोडायची नाहीये. क्लब मला खेळवणारसुद्धा नाही, बाकावर बसवणार आहे. त्यांना फक्त जाहिरातीपुरता हवाय मी. नाशिक तुमचं गाव आहे. माझं गाव हेच आहे.’

मग शशिकांतचा हात अर्धवट वर आला, वर्गात उत्तराची खात्री नसलेल्या मुलासारखा. ‘मग माझाही फाउल धर. मला आता नोकरी नकोय रे. थकलो मी. तुझं घर मोडतंय म्हणून फिरत होतो.’

सुनीता तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘सामानाचे खोके मी मागच्याच आठवड्यात आणून ठेवलेत. पलंगाखाली आहेत. मला कुणी विचारलंच नाही.’

त्याच वेळी टायमर वाजलं. बैठकीच्या अध्यक्षांना एक वाक्यही बोलायला मिळालं नव्हतं.

त्याने सही केली नाही, आणि म्हणून सगळं आनंदात झालं असं समजू नका. गुरुवारी नकार कळवल्यावर तो बाहेर जाऊन अंधार पडेपर्यंत एकटाच रिंगमध्ये चेंडू टाकत राहिला, आणि पुष्कळसे चुकत होते. जूनमध्ये घर आवरायला आला तेव्हा भिंत जशी होती तशी करून द्यायची म्हणून त्याने स्वतः पाना घेऊन रिंग उतरवली. मला म्हणाला, ‘आता पुढच्या वेळी मी दोह्यात टूरिस्ट, आजी.’ हे तो हसून म्हणाला. या एकदाच मला वेळेवर गप्प बसता आलं. जाताना तो आमच्या दारातून वाकून बाहेर पडला.

चित्रीकरण झालेलं असल्यामुळे जाहिरात मात्र नंतर लागली. मेधाआत्याला घेऊन मी लुसैलच्या ट्राम स्टेशनवर ती बघायला खास गेले, चांगली साडी नेसून. पोस्टरवर ओजस छान दिसत होता. त्याच्या कोपरामागे पांढरं, धूसर असं काहीतरी होतं. आत्या म्हणाली, आई, तो ढग नाही, तू आहेस.

आहेर नाशिकला आहेत आणि शशिकांत दुपारी झोपतो. ओजसचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे पैशासाठी खेळायचं की नाही, हे तो पदवी हातात आल्यावर ठरवणार आहे. भिंतीतली रिंगची भोकं मालकाने बुजवून रंग दिला. मुलं आता तिथे फुटबॉल खेळतात. त्यांतल्या निम्म्या मुलांनी ओजसला बघितलेलंही नाही, आणि मराठी एकालाही येत नाही. पण धक्का लागला की ती अजून हात वर करतात आणि ‘माझा फाउल’ म्हणतात.

तुमची आजी