सरोजची कामाची साडी

लखनऊच्या चौकातल्या सराफ्यात पंढरीनाथांचं गलाईचं दुकान आहे. दुकान कसलं, एक भट्टी आणि बसायला पोतं. मूळ गाव विट्याजवळ. चांदीचे कारखानदार ज्याला कचरा म्हणतात, म्हणजे फुटक्या मुशी, वितळताना वर आलेला मळ, धुराड्यातली काजळी, ते सगळं हे विकत घेतात. जाळतात, कुटतात, धुतात आणि त्यातून चांदी काढतात, नशीब असेल तर सोनंही. एकतीस वर्षं हेच. मी शहरातल्याच निशातगंजहून अधूनमधून तिथे जातो, मराठी बोलायला मिळावं म्हणून. खरं तर मीच बोलतो. ते हुं हुं करतात.

कुटलेला चुरा त्यांची बायको सरोज धुवायची. गेल्या वर्षी ती तापानं गेली. तेव्हापासून पंढरीनाथ दोन वेळचा स्वयंपाक एकदाच करतात, आणि गिऱ्हाईक सोडलं तर दिवस दिवस कुणाशी बोलत नाहीत. फार एकटे पडलेत.

यंदा विट्याच्या लेकीचे, उत्कर्षाचे, दिवस भरत आले. बाळासाठी ती आईच्या साड्यांची गोधडी शिवत होती. आई कामावर नेसायची ती निळी साडी तिला हवी होती. "आबा, पाठवा की," तिचं रोज फोनवर. आणि यांचं रोज, "शोधतोय."

मला रागच आला. एवढ्याशा खोलीत साडी हरवेल कुठे? विचारलंच एकदा.

"जाळली," ते म्हणाले.

कामाच्या कपड्यांत धातूचे कण अडकतात, म्हणून जुने झाले की गलाईवाले ते जाळून राख धुतात. सरोज गेल्यावर पंधराव्या दिवशी यांनी चिंध्यांबरोबर तिची साडीही भट्टीत टाकली. निव्वळ सवयीनं.

"ज्वारीच्या दाण्याएवढी चांदी निघाली. तीपण लगडीत गेली, यार. आता पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?"

"आजच सांगा," मी म्हणालो.

माझ्यासमोर त्यांनी फोन लावला आणि सांगितलं. हे दोनदा "हॅलो" म्हणाले.

"मग तुमचा सदरा पाठवा आबा," उत्कर्षा रडत म्हणाली. "तो तरी जाळू नका."

फोन ठेवून पंढरीनाथ ढसाढसा रडले. मग अंगातला सदरा काढून त्यांनी बादलीत तीनदा साबणानं धुतला. हात धुतलेलं पाणीसुद्धा हौदात साठवून त्यातले कण काढणारा हा माणूस. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी ती अख्खी बादली गटारात ओतली.