"पोटभर जेव" म्हणणारा खलनायक

आयुष्यात ज्या माणसाला मी सगळ्यात जास्त घाबरले, त्याला आज गिरीज गावच्या मातीत ठेवून आले.

फ्रान्सिस सर.
शाळेत मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यावर केळीची वाडी बघायचे. रिहर्सलला येताना स्कूटरच्या डिकीत सगळ्यांसाठी केळी आणायचे.

हा माणूस स्टेजवर माझा भाऊ होता आणि त्याने मला घराबाहेर काढलं होतं.

सात-आठ वर्षं झाली असतील. मी मनवेलपाड्यात राहायचे, अंधेरीला इन्शुरन्स ऑफिसात नोकरी करायचे आणि रविवारी आमच्या हौशी ग्रुपच्या तालमीला गिरीजला जायचे.

नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं. वडील वारल्यावर विधवा बहीण वाडीतला वाटा मागायला माहेरी येते, भाऊ तिला हाकलतो.
बहीण मी. भाऊ सर.

डिरेक्टर वैतागायचा. "सर, आवाज चढवा ना! व्हिलन आहात तुम्ही!"

सर म्हणायचे, "आपण चुकतोय हे ज्याला आतून ठाऊक असतं, तो ओरडतो. याला ते ठाऊकच नाही. याच्या मते हा घर सांभाळतोय."

खरं सांगते, मला वाटलं होतं सर सीन पाडणार.

प्रयोग शाळेच्या मैदानावर. सगळं गाव खुर्च्या धरून बसलेलं.

स्क्रिप्टप्रमाणे सरांनी मला दारातच अडवायचं होतं.
त्यांनी अडवलं नाही.
"ये, आत ये" म्हणाले. बसवलं. आधीच्या सीनमधलं ताट माझ्यापुढे सरकवलं.

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले,
"पोटभर जेव. परत काही तुझं येणं होणार नाही."

माझं पुढचं वाक्य गेलं.
तोंडातला घास खोटा होता, पण तोही गिळता येईना. मी विंगेत कशी पोचले, आठवत नाही. अॅक्टिंग वगैरे काही नव्हती ती. मला त्या माणसापासून लांब जायचं होतं, बस.



इंटरव्हलला पडद्यामागे एक गृहस्थ तावातावाने सरांसमोर आले. गावातलेच, नाव लिहीत नाही. त्यांनी स्वतःच्या बहिणीला असंच तोडलं होतं. गावाला माहीत होतं, मला नंतर कळलं.

डिरेक्टर मध्ये जाऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता हात उचलतात आणि दुसरा अंक बोंबलतो.

ते दोघं त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मला समजलं ते असं.

"सर, सगळ्या गावासमोर माझा पार्ट केलात?"

नाटक आहे रे, मनावर घेऊ नको, एवढं म्हणून सर सुटले असते.

सर म्हणाले, "तुझा नाही. माझा केला."

कुणालाच काही कळेना.

"पप्पा गेल्यावर चर्चमध्ये महिन्याचा मिस्सा होता, त्याला माझी बहीण मार्था सासरहून, कामणहून आली होती. जेवायला बसली. मी वाढत होतो आणि डोक्यात एकच, आता ही वाट्याचं काढणार. तिने काढलं नाही. काढलं असतं तर मी काय केलं असतं, ते आज करून दाखवलं."

मग हळूच म्हणाले, "पहिल्याच रांगेत बसलीय ती."

ते गृहस्थ कपड्यांच्या ट्रंकेवर बसले. पाणी मागितलं. प्यायले. आणि बाहेर जाऊन नाटक शेवटपर्यंत बघितलं.
त्यांच्या घरी पुढे काय झालं, मला माहीत नाही.

माझं काय झालं ते माहीत आहे. त्या संध्याकाळी मी एका अॅक्टरला बघितलं आणि पुढे नोकरी सोडली.

आज मी सीरियलमध्ये निगेटिव्ह रोल करते. मासळीवाल्या मावशी मला "काय गं, किती छळशील त्या सुनेला!" म्हणून झापतात. चॅनलला भुवया उडवलेल्या हव्या असतात, मी उडवते.
पण त्याआधी मी सरांसारखं माझ्यात शोधते. ती बाई माझ्यात कुठे बसलीय?

एकदा आजारी नवऱ्याचं औषध लपवणाऱ्या बाईचा रोल होता. शोधलं, आणि सापडलं. माझे बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. एका क्षणी मनात येऊन गेलं होतं, सुटू दे आता सगळे.
सीन ओके झाला. मी व्हॅनिटीत बसून सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "सापडलं ना? सगळ्यांकडे असतं, पोरी. आत गेलीस तशी बाहेरही ये. घरी जा, बाबांना चहा करून दे."

मी घरी गेले. चहा केला.

आज दफनानंतर मार्थामावशींजवळ बसले होते. न राहवून विचारलं, "त्या दिवशी नाटक बघताना तुम्हाला कळलं होतं?"

"मला त्या जेवणालाच कळलेलं," मावशी म्हणाल्या. "वाढताना त्याचा हात थांबला होता. म्हणून तर मी वाट्याचं काढलं नाही."



"पण नाटकानंतर तो कामणला आला. उंबऱ्यावरच उभा राहिला. म्हणाला, तुझा वाटा घे. मी म्हटलं, या वयात केळी कुठे लावत बसू? तर म्हणतो, लावायचं काम माझं, वाटा तुझा. तसंच केलं त्याने. शेवटपर्यंत."

आमच्यापैकी एकालाही सरांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

वाईट माणूस इतका खरा करायला केवढा चांगला माणूस लागतो, हे मी आज तिथे बसून बघत होते.

सर, निरोप घेते.
देव तुम्हाला त्याच्या शांतीत ठेवो.